पडद्यामांगची स्पॅनिश

माह्या नवऱ्याले स्पॅनिश येते, ही बातमी आर्णीच्या पानठेल्यावर पोचली तेव्हा त्यानं शिकायचा पहिला व्हिडिओही लावला नव्हता. ऋतिक चौकात सांगून आला होता, की आता आपण स्पेनच्या लोकायसंग डायरेक्ट बोलणार. उतावळा नवरा अन् गुडघ्याले बाशिंग म्हणतात, ते मी ऐकलं होतं. मले ते लग्नातच भेटलं.

झालं असं, की त्याचा आतेभाऊ विक्की पुण्यात राहते. त्यानं फोनवर सांगतलं, स्पॅनिश येणाऱ्याले कंपन्या घरी बसून काम देतात. तिकडच्या गिऱ्हाइकायच्या तक्रारी ऐकायच्या, त्यायले समजवायचं. 'घरी बसून' एवढे दोन शब्द ऋतिकनं ऐकले, बाकीचे वाऱ्यावर गेले. लगेच व्हिडिओचा कोर्स त्याच्या नावानं घेतला, कानाले मोठा हेडफोन आला, अन् घरात हुकूम सुटला की साहेब शिकून राह्यले, आवाज करू नका. माही सासू रुखमाबाई एरवी कोणाच्या बापाचं ऐकत नाही. पण पोराच्या स्पॅनिशसाठी तिनं मिक्सर बंद ठेवला अन् चटणी माह्या हातानं पाट्यावर वाटून घेतली. शिकणारा तो, वाटणारी मी.

नमस्कार-चमत्कार झाला, आकडे झाले, रंग झाले. क्रियापदं सुरू झाली अन् साहेबाच्या डोक्यावरून जायले लागलं. मंग हेडफोन तोच, खुर्ची तीच, व्हिडिओ मात्र क्रिकेटचे. सासू दारातून डोकावून पाहे अन् समाधानानं मांगं फिरे. कोर्स तसाच पडून होता. तो मी टॅबवर लावला, टॅब तुरीच्या डाळीच्या डब्याले टेकवला, अन् स्वैपाकघरात माही शाळा सुरू केली.

मी वणीची. इंग्रजी घेऊन बी.ए. केलं. मले पाहायले आले तेव्हा माह्या सासऱ्यानं, घनश्यामरावानं, पोह्याची बशी हातात धरून माह्या बापाले शब्द देल्ला होता, "सुनेनं नोकरी केली तं आमाले आनंदच हाय." लग्न झाल्यावर तो आनंद कुठं गेला कोण जाणे. शाळेतल्या जागेचं निघालं तेव्हा सोयाबीन सोंगायचं होतं. पतसंस्थेतल्या जागेचं निघालं तेव्हा कापूस वेचायचा होता. पाहू म्हणे, पुढं पाहू. मले नोकरी पाहिजे होती, माह्या नावानं. दुसरं काहीच मी त्या घराले मागतलं नव्हतं.

व्हिडिओतला मास्तर दिल्लीकडचा. मांगं पुस्तकायचं कपाट, त्यातल्या एकाही पुस्तकाले कोणाचा हात लागलेला नाही. दर दोन वाक्यायनंतर म्हणे, "बहुत आसान है दोस्तो." एवढं आसान हाय तं तू घाम काहून पुसून राह्यला बावा, असं मी पोळी लाटता लाटता त्याले विचारलं. तो हसला. तो कशावरही हसते.

मंग तो धडा आला, ज्याच्यापाशी म्हणे भले भले लोक कोर्स सोडून पळतात. पास्ट सब्जंक्टिव. मास्तरानं एवढा गवगवा केला, की जसा काही टिपेश्वरच्या जंगलातला वाघच सोडून राह्यला. मी गॅस बंद केला अन् नीट बसली. निघालं काय, तं जे झालंच नाही त्याच्याबद्दल बोलायची रीत. आलं असतं तं, गेलं असतं तं, असतं तं, नसतं तं. बाप्पा, एवढंच? आमच्या घरात दुसरं बोलते कोण? सासरा म्हणे, रोडच्या बाजूचं वावर आपल्या वाट्याले आलं असतं तं आज आपला पेट्रोलपंप असता. सासू म्हणे, ऋतिकले चांगला मास्तर भेटला असता तं तो कलेक्टर झाला असता. ऋतिक म्हणे, मले चान्स भेटला असता तं. त्याचं वाक्य तिथंच संपे, पुढचा विचार त्यानं कधी केलाच नव्हता. जन्मभर 'असतं तं' मध्ये राहणाऱ्या माणसाले तोच धडा जमू नये, याले काय म्हणावं.

मास्तराची उदाहरणंही नमुनेदार. 'मी श्रीमंत असतो, तर जहाज घेतलं असतं.' घे ना बावा, पण पाण्यात सोडशीन कुठं? आमच्या अरुणावती नदीत उन्हाळ्यात म्हैस बसली तं तिची पाठ ओली होत नाही. मी त्याची वाक्यं सोडून देल्ली अन् माही बनवली. सासू जरा कमी बोलली असती, तं भाजी जळली नसती. नवरा वेळेवर उठला असता, तं दूध मले आणावं लागलं नसतं. अशी वाक्यं मले दिवसभर पुरत, कच्चा माल सगळा घरचाच. भाकर थापता थापता मी बोले, चुकली की पिठाच्या बोटानं मास्तराले मांगं ओढे, अन् पुन्हा ऐके. टॅबची काच पांढरी होऊन गेली होती. घरात कोणी विचारलं नाही, की ही भाकरीसंग काय बडबडून राह्यली.

कोर्सच्या शेवटी लेखी परीक्षा होती. भर दुपारी, सासू झोपली असताना, मी पेपर देल्ला. कोर्स ऋतिकच्या नावानं होता म्हणून पेपरावरही त्याचंच नाव उमटलं. मी म्हटलं, आधी पास तं होऊ, मंग नाव बदलायले कळवू कोर्सवाल्यायले. पास झाली. अन् पुण्याच्या एका कंपनीनं पास होणाऱ्याले व्हिडिओवर मुलाखतीले बोलावलं. निरोप गेला ऋतिकच्या फोनवर.

तो वाचून ऋतिक माह्यापाशी आला नाही, हलवायाकडं गेला. चौकात पेढे वाटून झाल्यावर उरलेला डबा घेऊन घरी आला, तेव्हा मले कळलं.

"पेपर मी देल्ला," मी म्हटलं.

"नाव कोनाचं हाय त्याच्यावर?"

"नाव बदलून घेऊ. मी आजच कंपनीले लिहिते."

"येडी झाली काय तू? चौकात पेढे वाटून आलो मी."

म्हणजे माह्या नोकरीचा निकाल पेढ्यायनं लावला. सासरा दिवाणवर बसून ऐकून राह्यला होता. तो समजुतीच्या आवाजात म्हणाला, "हे पाय सुरभी, नोकरी कोनाच्याई नावानं आली, तरी येते तं घरातच."

"मंग माह्याच नावानं येऊ द्या ना मामाजी. घर तं तेच राहते."

सासरा चष्मा काढून पुसायले लागला. उत्तर नसलं, की त्याचा चष्मा खराब होते.

तोड काढली सासूनं. "भांडता कायले? तो समोर बसीन, तू मांगून सांग. बारावीत नाई का केलतं आपन?"

बारावीची गोष्ट या घरात दर दिवाळीले सांगतात. ऋतिकचा पेपर होता. सासऱ्यानं शाळेच्या मांगच्या भिंतीले शिडी लावून धरली, विक्की वर चढला, ऋतिकच्या मामानं उत्तरं काढून देल्ली, अन् चिठ्ठ्या खिडकीतून आत गेल्या. सासू खाली डबा घेऊन उभी, पोराले भूक लागीन म्हणून. एका पोट्ट्याले पास करायले अख्खं खानदान राबलं, अन् निकाल लागल्यावर म्हणे पोरगं हुशार हाय. या लोकायले तो गुन्हा वाटत नाही, ती नात्यातली मदत असते. जो शिडी धरत नाही तो भाऊबंद कायचा? म्हणून सासू बोलली तेव्हा कोणालेच त्यात काही वावगं वाटलं नाही. फक्त या खेपेले शिडीवर मले चढवलं होतं, अन् पेपरही माहाच होता. आयत्या बिळात नागोबा, अन् बीळ खोदणारीनं वर त्याले दूधही पाजायचं.

मी नाही म्हणू शकत होती. म्हटलं नाही. मले वाटलं, एकदा माही स्पॅनिश कोणा खऱ्या माणसाच्या कानावर तं पडू दे, मंग पाहू.

मुलाखत दुपारची होती. ऋतिक समोरच्या खोलीत लॅपटॉपपुढं बसला, वर कोट अन् टाय, खाली बर्मुडा. त्याच्या एका कानात इअरफोनचं बारीकसं बोंड, केसानं झाकलेलं, त्यातून माहा फोन त्याले ऐकू जाय. मी स्वैपाकघराच्या दारात, पडद्यामांगं. लॅपटॉपचा आवाज मोठा ठेवला होता, म्हणून बाईचं बोलणं मले सगळं ऐकू येत होतं. दिवाणवर सासू-सासरे, अन् त्यायच्या बाजूले समोरच्या घरचे रामलालकाका. काकायले दुसऱ्याच्या घरचं काहीच चुकवता येत नाही. टिपॉयवर पेढ्याचा नवा डबा, उघडूनच ठेवलेला.

एक गोष्ट मान्य करावी लागीन. ऐकलेलं जसंच्या तसं बोलणं ऋतिकले जमते. गावात कबड्डीची कॉमेंट्री तोच करते. कळत काही नाही, पण आवाज खणखणीत.

समोरची बाई स्पेनची, पिलार नावाची, पिकल्या केसायची. तिनं नाव विचारलं, गाव विचारलं, शिक्षण विचारलं. मी हळू सांगे, तो मोठ्यानं बोले. तुमच्याकडं काय पिकते, म्हणे. मी कापूस सांगतला, तूर सांगतली, कापूस वेचताना बोटं कशी फाटतात तेही सांगतलं. ऋतिकनं ते मोठ्या ऐटीत म्हटलं, जन्मात कधी कापसाच्या बोंडाले हात न लावता. बाई मान डोलवून राह्यली होती. ती माही स्पॅनिश होती. मले आनंद व्हायले पाहिजे होता, पण दुसऱ्याच्या तोंडातून ती ऐकताना माही नुसती तळपायाची आग मस्तकात गेली.

मंग बाई म्हणाली, "तुम्ही फार छान बोलता. स्पॅनिश शिकला नसता, तर आज काय करत असता?"

तोच धडा. माह्यापाशी उत्तर तयार होतं, चांगलं, नोकरी भेटीन असं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात ऋतिकनं टेबलाखालून हात मांगं करून चुटकी वाजवली. पाणी आण म्हणून वाजवते, तशीच.

मी ते उत्तर गिळलं. दुसरं सांगतलं, सावकाश, एकेक तुकडा तोडून. अन् माह्या नवऱ्यानं छातीवर हात ठेवून, खणखणीत आवाजात, शुद्ध स्पॅनिशमध्ये स्पेनच्या बाईले सांगतलं, "मी शिकलोच नाही. शिकलो असतो, तर माझी बायको आत्ता पडद्यामागे उभी राहून मला हे सांगत नसती."

"वा," रामलालकाका म्हणाले अन् पेढा उचलला.

बाईनं चष्मा काढला अन् विचारलं, "मग पेपर कोणी दिला?"

"तिनंच. तिचं नाव सुरभी," मी सांगतलं.

इथं ऋतिक अडला. एवढ्या स्पॅनिशमधला तेवढा एकच शब्द त्याले कळला होता. त्यानं मान वळवून पडद्याकडं पाह्यलं. मी आवाज न चढवता तेच पुन्हा सांगतलं. आता थांबायचं, तं आपण काय बोलून राह्यलो हे आपल्यालेच माहीत नाही, असं सगळ्यायसमोर कबूल करावं लागीन. बाप पाहून राह्यला होता, काका पाहून राह्यले होते, समोर पेढे होते. तो बोलला. त्याच्यापुढचंही बोलला, आवाज पडला होता तरी शब्द एकही चुकला नाही. "नोकरी तिला पाहिजे होती. घरात कोणी तिचं ऐकलं असतं, तर तिला माझ्या तोंडानं बोलावं लागलं नसतं."

बाई त्याच्याकडं न पाहता, त्याच्या मांगच्या पडद्याकडं पाहून हळूहळू काही वाक्यं बोलली, अन् स्क्रीन बंद झाला.

"काय म्हने बाई?" सासऱ्यानं विचारलं.

ऋतिकनं कानातलं बोंड काढून पाह्यलं, पुन्हा घातलं. मी काही सांगून राह्यली नव्हती. मंग मीच पडदा सारला अन् बाहेर आली.

"ती म्हणे, सुरभीनं आपल्या नावानं पुन्हा पेपर द्यावा, कॅमेऱ्यासमोर बसून. पास झाली तं मुलाखत मीच घेईन."

"अन् ऋतिक?"

"त्यायच्यासाठी काही निरोप नाही."

ऋतिक उठला. टाय ओढून सैल केला, अन् बर्मुड्यावर तसाच उभा राह्यला. "मी काय बोललो तिले?" त्यानं मले विचारलं, अगदी हळू.

"सगळ्यायसमोर सांगू?"

त्याच्याआधी सासूच म्हणाली, "सांग ना वं. आमालेबी कळू दे पोरगं काय बोललं. किती मस्त बोलून राह्यलतं."

मी सांगतलं. मराठीत, पहिल्या वाक्यापासून शेवटच्या वाक्यापर्यंत, त्यानं जसं म्हटलं तसं. सासऱ्यानं चष्मा काढला, पण पुसला नाही, नुसता हातात धरून बसला. सासू पोराच्या तोंडाकडं पाहत होती अन् पोरगं खाली पाहत होतं. रामलालकाकाच्या हातात अर्धा खाल्लेला पेढा होता. तो त्यायनं परत डब्यात ठेवला, अन् डब्याचं झाकण लावून देल्लं.