टीव्हीखालच्या डब्याची परीक्षा

गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर आत्या भाच्याकडे राहायला आली, तेव्हा घरातला टीव्ही मुका होता. बिघडला नव्हता, नवरा-बायकोच्या वादात अडकला होता.

भाचा दवाखान्यात एक्स-रे काढायचा, त्याची बायको एका बँकेची कॉम्प्युटर यंत्रणा सांभाळायची. दोघांनी मिळून कुठल्याशा ऑफिसातून निकालात काढलेला कॉम्प्युटर आणून टीव्हीखालच्या कप्प्यात बसवला होता. घरातले सगळे सिनेमे, गाणी, फोटो त्यात ठेवायचे आणि कुठल्याही खोलीत बसून बघायचे, इथवर दोघांचं एकमत होतं. पुढे घोडं अडलं. त्याला व्हर्च्युअल मशीन हवं होतं, तिला कंटेनर. आठवडाभर दोघं तावातावाने बोलत होते आणि डबा धूळ खात होता.

आत्याची सगळी नोकरी लिफ्टची तपासणी करण्यात गेली होती. इमारत कितीही देखणी असो, तिचा पहिला प्रश्न, "दोर तुटला तर?" घरचे तिला ‘चौकशी खातं’ म्हणत, आणि ती ते मानाने मिरवायची.

"मला कळेल असं सांगा," पाय उशीवर टेकवत ती म्हणाली. "दोन्हींत फरक काय?"

"व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक कॉम्प्युटर," भाचा म्हणाला. "सिनेम्यांना एक, फोटोंना एक, गाण्यांना एक. प्रत्येकाची ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःची, मेमरीचा वाटा स्वतःचा. कुणाची कुणाला कटकट नाही."

"आणि प्रत्येक जण खातो किती, तेही सांग ना," भाचेसून म्हणाली. "आत्या, कंटेनरमध्ये खालच्या सिस्टिमचा गाभा एकच असतो, तो सगळे मिळून वापरतात. ज्याचं त्याचं सामान तेवढं वेगळं बांधलेलं. म्हणून तर ते हलके."

"एक बिघडला तर दुसऱ्याला झळ लागते?"

"शक्यतो नाही."

"शक्यतो म्हणजे?"

भाचा गालातल्या गालात हसला.

"तू काय हसतोस? तुझं तरी मी कुठे पाहिलंय?" आत्या म्हणाली. "लिफ्ट पास करताना आम्ही मालकाच्या शब्दावर नाही जायचो. वजन टाकून बघायचो. सुट्टीच्या दिवशी दोन्ही उभं करून दाखवा. आणि मग पाडून दाखवा."

सुट्टीच्या दुपारी आत्या खुर्ची ओढून अगदी डब्यापाशी बसली. पहिली पाळी भाच्याची. त्याने तीन मशीनं सुरू केली. चहा झाला, कप विसळून झाले, तेव्हा कुठे तिसरं जागं झालं. सिनेमा लागला खरा, पण दर दोन वाक्यांनी ठेचकाळायला लागला. आतला पंखा घोंघावत सुटला. आत्याने डब्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला.

"मेमरी कमी पडतेय," भाचा पुटपुटला.

"एवढ्याशा मेमरीचे तीन वाटे केल्यावर उरणार काय?" बायको म्हणाली.

पण त्याने फोटोंचं मशीन मुद्दाम बंद पाडलं, तरी सिनेमा रखडत का होईना, चालत राहिला. आत्याने मान डोलावली.

मग भाचेसुनेची पाळी. डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तिन्ही कंटेनर हजर. सिनेमा कसा लोण्यासारखा सरकत होता. तिने गाण्यांचा कंटेनर पाडला. सिनेमाला पत्ताही लागला नाही. तिने नवऱ्याकडे बघून भुवया उडवल्या.

"पडला, ते ठीक," आत्या म्हणाली. "पण न पडता हावरटपणा केला तर? पाच जणांच्या लिफ्टमध्ये दहा जण घुसले की ती पडत नाही, अडकते. यांच्यात खादाड कोण?"

"फोटोवाला. चेहरे ओळखायला बसला की सुटतोच."

"बसव त्याला."

भाचेसुनेने घरातले झाडून सगळे फोटो त्याच्यापुढे टाकले. जरा वेळ काही झालं नाही. मग नायिका तोंड उघडून काही बोलणार, तेवढ्यात पडदा काळा झाला.

"हे गं काय?"

भाचेसून स्क्रीनवर वाकली. "फोटोंनी मेमरी फस्त केली, आणि खालच्या सिस्टिमने स्वतःचा जीव वाचवायला सिनेमाचा बळी दिला. मर्यादा घालायची मीच विसरले."

भाच्याने "बघ!" म्हणायला तोंड उघडलं होतं, पण बायकोचा चेहरा बघून ते जांभईत जिरवलं.

तिने मर्यादा घातली, पुन्हा तेच करून पाहिलं. या वेळी फोटोवाला कुरकुरत आपल्या जागी मंद झाला. सिनेमा शेवटपर्यंत चालला.

"आणि तो गाभाच कोलमडला तर?"

"तर सगळेच बसतील," भाचेसुनेने कबूल केलं.

"माझ्यात ज्याचा कोलमडेल तो एकटाच बसेल," भाचा घाईघाईने म्हणाला.

"आणि डब्याची वीज गेली तर?"

त्याने डोकं खाजवलं. "मग माझंही सगळं बंद."

आत्याने निकाल दिला. "सिनेमा अडला म्हणून कुणी मधल्या मजल्यावर लटकत नाही. घरच्या कामाला हलकं तेच बरं. कंटेनर ठेवा." भाच्याचं तोंड उतरलेलं पाहून ती पुढे म्हणाली, "पण तुझं ते पोटातलं मशीन मला हवंय."

"तुला? कशाला?"

"आत काय आहे ते बघायला. काय पुसलं की काय बंद पडतं, ते मला कळलं पाहिजे. अख्खा डबा तुम्ही मला थोडाच मोडू देणार?"

भाच्याची कळी खुलली. मेमरीचा छोटासा वाटा देऊन त्याने तिच्यासाठी एक मशीन उभं केलं. आधीची स्थिती कशी जपून ठेवायची आणि मोडल्यावर त्या स्थितीला परत कसं यायचं, ते शिकवलं. "याचा गाभा याचा स्वतःचा आहे. तोही उपटून बघ, खुशाल."

त्यानंतर गुडघ्याचे व्यायाम आटोपले की आत्या त्या मशीनला जोडलेला लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायची. आधी तिने मशीनमधलं घड्याळ पुसलं, मग आवाज घालवला. एकदा तर स्वतःचाच पासवर्ड उडवून स्वतःलाच बाहेर कोंडून घेतलं आणि भाचा कामावरून येईपर्यंत कसं आत शिरता येईल याचा विचार करत बसली.

एके दुपारी भाचेसून बाहेरच्या खोलीत सिनेमा बघत होती. आतून आत्याची हाक आली, "अगं, सिनेमा चालू आहे का?"

"आहे की! का हो?"

"काही नाही, इकडे सगळं कोसळलंय," आत्या खुशीत म्हणाली, आणि चष्मा पुसून काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पहिल्या ओळीपासून वाचायला लागली.