सतरा नंबरची बाटली

मित्रांनो, मी पाण्याचा नमुना नेणारी एक जुनी काचेची बाटली आहे. माझ्या अंगावर सतरा आकडा कोरलेला आहे. मला वाफेवर निर्जंतुक करीत, तोंडाला कागद बांधीत आणि आरोग्य खात्याचा केरबा मला पिशवीतून घरोघर नेई. माझ्या निर्मळपणाचे तेव्हा फार कौतुक होते.

१९७६ साली मी शिवाजी पेठेत एका शिक्षकांच्या घरी गेले. त्यांना सगळे दादा म्हणत. घर जुने, नळाची लोखंडी नळी गटाराला लागून आलेली. पाण्याला वास येई, म्हणून त्यांची पत्नी माई रोज पाणी उकळीत. तपासणीचा अर्ज दादांनीच दिला होता.

"वैनी, नळाचंच भरा बरं का. तवर मी शेजारी जाऊन येतो," केरबा म्हणाला.

माईंनी मला उजेडात धरून पाहिले. मग हंड्यातले उकळून गाळलेले पाणी माझ्यात भरले.

"नमुना म्हणजे चांगलाच द्यायचा की," त्या पुटपुटल्या. "दुकानदार कधी किडका नमुना दाखवतो का? मास्तरांच्या घरचं पाणी असलं, म्हणतील लोक!"

मी काचेची. मला बोलता आले नाही.

पुढचे मी केरबाच्या तोंडून ऐकले. कागद आला, 'पिण्यास योग्य'. दादा म्हणाले, "सुटलीस बाई! आता पाणी उकळायला रॉकेल जाळणं बंद." दोन महिन्यांनी त्यांना कावीळ झाली. त्यातून ते उठले नाहीत.

दिवस झाल्यावर त्यांच्या मुलीने, श्यामलाने, पुन्हा अर्ज दिला. केरबाने मलाच नेले. श्यामला मला नळाखाली धरून उभी होती, तेवढ्यात माई आल्या.

"अगं, ते नको. मागच्या वेळी मी उकळलेलं भरलं, म्हणून तर चांगलं निघालं."

मी भरून वाहू लागले, तरी श्यामलाने नळ बंद केला नाही. मग तो बंद करीत ती म्हणाली, "असू दे आई. या खेपेला असंच देऊ."

या वेळी कागदावर 'अयोग्य' आले. केरबा तो द्यायला गेला तेव्हा मी पिशवीतच होते.

"पाणी बिघडलं तरी कधी गं?" माईंनी विचारले.

"दादा गेल्यानंतर," श्यामला म्हणाली.

मित्रांनो, नमुना मागितला तर नळाला येते तेच पाणी द्या. पाणी वाईट निघाले म्हणून घरची बाई वाईट ठरत नाही. माईंना हे कुणीतरी वेळेवर सांगायला हवे होते.