एका इंजिनाला दोन हेड

शेडमधल्या ताडपत्रीवर एकशे ब्याण्णव नट-बोल्ट होते, आठ व्हॉल्व्ह, आठ स्प्रिंगा, चार नोझल, दोन दिवे, एक फाटकी सीट आणि दोन हेड. सगळे मिळून दोनशे सतरा. मित्रांनो, मी एक जुना ट्रॅक्टर आहे आणि हा सगळा पसारा माझ्याच पोटातला.

हेड म्हणजे इंजिनावरचं जड लोखंडी झाकण. ते एका इंजिनाला एकच असतं. मग माझी दोन कशी झाली, तेच सांगायचं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळा होतो. निळ्याखाली राखाडी अस्तर होतं. बाबांनी मला आणलं आणि दर पेरणीआधी स्वतःच्या हातांनी रंगवलं. हौस म्हणजे किती! बोल्ट, नळ्या, नावाची पाटी, जे समोर येईल त्यावर ब्रश. आईचा दर वर्षी एकच टोमणा असायचा, "मध्ये उभी राहिले तर मलाही निळी कराल."

नांगरणी बाबा करायचे आणि पेरणी आई. तिच्या हाताखाली माझी रेघ सुतासारखी सरळ जायची. लोक बांधावर थांबून बघायचे. मग बाबा गेले आणि मी शेडमध्ये उभा राहिलो. कोंबड्यांनी माझ्या सीटवर बिऱ्हाड थाटलं. माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं.

यंदा आईच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन सोमवारचं ठरलं. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर क्लच दाबणं विसरा. घरी येऊन आई एवढंच म्हणाली, "सोमवारच्या आत एकदा शेवटच्या बांधापर्यंत जाऊन येईन म्हणते. ट्रॅक्टरवर." थोरल्या लेकीने, म्हणजे ताईने, टेप लावून अंतर मोजलं. जाऊन-येऊन बरोबर आठशे मीटर.

ताई प्रयोगशाळेत काम करते आणि तिच्या धाकट्या भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. दोघांनी मला खोललं. त्यांनी नियम केला की कारखान्याचा असेल तोच भाग बसवायचा, कारण बाजारी नकली भाग कधी दगा देईल सांगता येत नाही. पण अस्सल कुठला आणि नकली कुठला, हे ओळखायचं कसं? ताईने ब्लेडने एका बोल्टवरचा रंग तिरका खरवडला. झाडाच्या खोडासारखी वलयं दिसली. निळ्याचे अकरा थर आणि तळाशी राखाडी.

"बाबांनी हिशेब लिहून ठेवलाय बघ," ती हरखून म्हणाली. "राखाडी असेल तो भाग जन्मापासूनचा. थर कमी असतील तो मागाहून आलेला."

"ताई, तू लोखंडाचंही रक्त तपासशील," धाकटा म्हणाला.

"तू आधी हात धू. तुझ्या बोटांवर बारावा थर चढलाय."

युक्ती नामी होती. एका दुपारात त्यांनी चौदा नकली नळ्या आणि बोल्ट वेगळे काढले. मी मनात शाबासकी दिली. मग माझ्या हेडची पाळी आली. त्यावर तीनच थर निघाले आणि राखाडीचा पत्ता नव्हता.

"बाजारी!" दोघं एकदम म्हणाली.

मित्रांनो, मला तोंड असतं तर मी शेड डोक्यावर घेतलं असतं. अरे, ते माझंच आहे! पण हॉर्नसुद्धा काढून ठेवलेला. माझं हेड दाराला टेकण म्हणून लागलं आणि धाकट्याने भंगारातून दुसरं आणलं. त्यावर राखाडी होता आणि भागाचा नंबरही जुळत होता. ते बसवून मला सुरू केलं. मी खोकलो, पांढरा धूर सोडला आणि बसलो. दुसऱ्या सिलिंडरात दाबच टिकेना.

त्यांनी हेड काढून उलटं केलं आणि त्यात रॉकेल ओतलं. दोन व्हॉल्व्हच्या मधोमध केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा होता. तो दिवस शुक्रवार होता.

"आता सोमवारपर्यंत कुठून आणायचं?" रॉकेलचे हात पुसत धाकटा म्हणाला.

तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या आईला दारात ठेच लागली. "हे काय धोंड्यासारखं ठेवलंय इथे?"

"बाजारी हेड आहे, आई. राखाडी नाही त्याला."

"राहील कसा राखाडी? पाणी गळायला लागलं तेव्हा यांनी अंगणात बसून घासून घासून लख्ख केलं होतं. मग रंगवलं. मीच तर घागरीने पाणी ओतत होते!"

ताई उठून त्या हेडजवळ आली. पण तिचा स्वभाव असा, की आईच्या शब्दालाही पुरावा हवा. "घासलं असेल. पण कारखान्याचं कशावरून?" जिथे ब्रश पोचत नाही अशी जागा ती शोधू लागली. धुराड्याच्या बाजूच्या खाचेत काजळी होती. तिने ती लाकडी काडीने कोरून काढली. आत उठावाचे आकडे होते, लोखंडाबरोबर साच्यात ओतलेले, मागून ठोकलेले नव्हेत. ओतल्याची तारीख! माझ्या ब्लॉकवरची, म्हणजे हेडखालच्या इंजिनाच्या धडावरची, तारीख त्याच महिन्यातली होती आणि पाटीवरची माझी जन्मतारीख पुढच्या महिन्यातली.

"अस्सल," ताई हळूच म्हणाली. "थर बरोबर सांगत होते. त्यांचा अर्थ मी चुकीचा लावला."

"आणि मी त्याला दाराला लावलं," धाकटा म्हणाला. त्याने ते हेड दोन्ही हातांनी उचललं, झोपलेलं मूल उचलावं तसं.

शनिवारभर व्हॉल्व्ह घासून बसवले. मित्रांनो, तुमच्याही घरी एखादं जुनं यंत्र धूळ खात असेल. त्याला टाकाऊ ठरवण्याआधी त्याच्यावर कुणाचे हात फिरले होते, तेवढं घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. आम्हाला बोलता येत नाही.

रविवारी सकाळी मी दुसऱ्याच झटक्याला सुरू झालो. धूर काळा, मग विरळ, मग नाहीच. धाकट्याने हात दिला आणि आई सीटवर चढली. कोंबड्यांनी निषेध नोंदवला. ताईने माझ्या मागच्या चाकावर खडूने रेघ ओढली आणि फेरे मोजत बाजूने चालू लागली. आईने डावा पाय क्लचवर ठेवला.

चाकाचे फेरे तीनशे ब्याऐंशी. एका फेऱ्याला चार मीटर वीस सेंटीमीटर. एकूण अंतर एक हजार सहाशे चार मीटर चाळीस सेंटीमीटर. ठरलं होतं आठशे.