ऐरण आणि लोणी माझ्याच अंगावर घडले

मित्रांनो, जन्मभर मार खाऊनही ताठ मानेने लटकत राहिलेली मी एक जुनी पंचिंग बॅग आहे. टायरच्या दुकानावरच्या लांबट खोलीत बॉक्सिंगची एक तालीम आहे. तिथल्या मधल्या तुळईला मी साखळीने टांगलेली आहे. सगळे मला म्हातारी म्हणतात. आधी राग यायचा, आता त्या नावाचाही अभिमान वाटतो.

पट्टे आणि खोगिरे शिवणाऱ्या एका कारागिराने मला जाड चामड्यात शिवले. तालमीच्या वस्तादांनी मला त्याच्याकडून मुद्दाम करवून घेतले होते. पण माझे पोट भरले ते वस्तादांच्या बायकोने, काकूंनी. काकू शिवणकाम करत. त्यांच्या मशीनखाली पडलेल्या चिंध्या, गणवेशांचे तुकडे, पडद्यांचे काठ, कोटांची अस्तरे असे सगळे त्यांनी माझ्यात ठासून कोंबले आणि वर एक चापट मारून म्हणाल्या, "आता ये म्हणावं कोण येतो ते!" माझ्या आयुष्यातला तो पहिला ठोसा. त्यानंतरचे मोजण्याच्या भानगडीत मी पडले नाही.

सुरुवातीला बरेच हौशे-गवशे आले. दोन दिवस मला बडवायचे, तिसऱ्या दिवशी मनगट धरून घरी बसायचे. मग एक दिवस लाकडाच्या वखारीत ओंडके उचलणारा एक आडदांड गडी आला. त्याने उजव्या हाताचा असा ठोसा दिला की तुळईवरची धूळ वस्तादांच्या डोक्यावर पडली. वस्ताद धूळ झटकत हसले. त्या गड्याला कितीही मारा, तो मागे हटत नसे, म्हणून त्याचे नाव पडले ऐरण.

ऐरणला मी घडताना पाहिले. तो सकाळी वखारीत जाण्याआधी यायचा आणि संध्याकाळी पुन्हा यायचा. थकला की मला मिठी मारून उभा राहायचा. एकदा सरावात त्याला उजव्या कुशीत असा काही ठोसा बसला की आतून कटकन आवाज आला. तो खाली पडला नाही. चालत माझ्यापर्यंत आला, माझ्यावर कपाळ टेकले आणि दातओठ खात श्वास घेत राहिला. वस्तादांनी बाकीच्यांना बाहेर काढले. बरगडी मोडली होती. पुढे ती जुळली, पण वाकडी. हाडाच्या डॉक्टरांनी वस्तादांना बजावले, "ही जागा जन्मभर नाजूक राहणार." डॉक्टर सोडले तर ही गोष्ट फक्त ऐरणला, वस्तादांना आणि काकूंना ठाऊक होती. चौथी मी. पण मला विचारतो कोण?

बरा झाल्यावर ऐरण पुन्हा जिंकू लागला. त्याच्या वजनाचा जोडीदार आमच्या तालमीत नव्हता, तेव्हा वस्तादांनीच त्याला मोठ्या शहरातल्या मोठ्या तालमीत धाडले. लोक म्हणाले, पंख फुटले आणि उडाला. वस्ताद सांगून थकले की मीच पाठवला, पण लोकांना कृतघ्नपणाच्या गोष्टी जास्त आवडतात. ऐरण पुढे हेवीवेट विजेता झाला. त्याचा पट्टा खांद्यावर घेतलेला फोटो भिंतीवर लागला तेव्हा मी साखळीवर हळूच एक गिरकी घेतली. कुणाला वाटले, वारा आला.

पण मित्रांनो, कौतुक फोटोच्या वाट्याला आले. माझ्या वाट्याला आला कोपरा. तालमीत चकचकीत लाल रंगाच्या नव्या बॅगा आल्या. माझ्या पोटातल्या चिंध्या खाली बसून तळाशी दगडासारख्या झाल्या होत्या आणि वरचा भाग रिकाम्या पिशवीसारखा पडला होता. माझी शिवण उसवली, तिच्यावर चिकटपट्टी आली. लोक माझ्यावर ओले टॉवेल वाळत घालू लागले. ज्या अंगावर विजेता घडला, त्या अंगावर कुणाची तरी बनियन!

तेव्हा लोणी आला. बेकरीत कणीक मळणारा, गोरापान, बोलण्यात इतका मऊ की नाव ठेवायला कुणाला डोके खाजवावे लागले नाही. नव्या बॅगांवर त्याचा नंबर लागेना आणि नंबरासाठी भांडणे त्याला जमेना. त्याने माझ्यावरचे टॉवेल काढले, घड्या घालून बाकावर ठेवले आणि मारायला सुरुवात केली. त्याचा डावा हात आडवा वळून येई, दार ढकलल्यासारखा. पहिल्याच आठवड्यात वस्ताद त्याच्यामागे येऊन उभे राहिले आणि दुसऱ्या आठवड्यात मला कोपऱ्यातून काढून पुन्हा मधल्या तुळईला टांगले. काय सांगू, किती बरे वाटले!

लोणी काही वर्षांत एकामागून एक लढती जिंकत वर चढला आणि एके दिवशी जाहीर झाले, हेवीवेटच्या विजेतेपदासाठी ऐरण विरुद्ध लोणी! माझ्या एका पोराच्या समोर दुसरे पोर उभे राहणार होते.

त्या दिवसापासून तालमीत संध्याकाळी सराव कमी आणि वाद जास्त होऊ लागला. शेजारचे सलूनवाले काका ऐरणचे भक्त. बस चालवणारे मामा हे लोणीचे सख्खे मामा, त्यामुळे त्यांचे मत विचारायची सोय नव्हती. आणि दोघांच्या मध्ये दातांचे डॉक्टर, जे रोज बाजू बदलत.

सलूनवाले काका म्हणत, "अहो, लोण्यानं कधी ऐरण फुटलीय का?"

"फुटत नाही," मामा म्हणत, "पण लोण्यावरून पाय घसरतो!"

"ऐरणचा हात लांब आहे. तुमचा भाचा त्याच्या जवळ जाणार कसा, बसनं?"

"सहाव्या फेरीच्या पुढं ऐरणला कुणी कधी नेलंच नाही. दम किती आहे, कुणी पाहिलाय? नेऊ द्या की आमच्या पोराला पुढच्या स्टॉपपर्यंत!"

"तुमच्या पोरानं तरी बारा फेऱ्या कधी खेळल्यात?" डॉक्टर मध्येच विचारत. "तुमचं दोघांचंही बरोबर आहे. कोणीही जिंको, दात माझ्याकडेच बसवायला येणार."

असे रोज चाले. काकू खालून चहाची किटली घेऊन येत आणि म्हणत, "लढत त्यांची, घसे तुमचे बसतायत." मी मध्ये लटकत ऐकत असे. दोन्ही बाजूंनी माझ्याच पोरांचे कौतुक! अशी आई जगात दुसरी नसेल.

पण एका संध्याकाळी वादाने वेगळेच वळण घेतले. मामांनी कप खाली ठेवला आणि एकदम विचारले, "वस्ताद, मागे ऐरण मध्येच बरेच दिवस तालमीत दिसेनासा झाला होता म्हणे. काय झालं होतं त्याला?"

वस्ताद हातपट्ट्या गुंडाळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"म्हणजे काहीतरी झालं होतं," मामा म्हणाले. "कुठंतरी नाजूक जागा आहे त्याची आणि ती तुम्हाला माहीत आहे. सांगा की पोराला!"

"नाही सांगणार."

लोणी माझ्यासमोर उभा होता. त्याचे हात खाली आले.

"वाहवा!" मामांचा आवाज चढला. "कोपऱ्यात उभं राहायचं आमच्या पोराच्या आणि अर्धं तोंड बंद ठेवायचं? हा कुठला न्याय?"

डॉक्टरांनी समजूत घालायचा प्रयत्न केला. "हे बघा, माझ्या खुर्चीत बसलेल्या माणसाचे दात किती खरे, किती खोटे, हे मी चौकात सांगतो का?"

"खोट्या दातांनी कुणी विजेतेपद हरत नाही, डॉक्टर!"

मामा तावातावाने जिना उतरून गेले. एकेक जण उठला. लोणी मात्र तिथेच होता. तो माझ्यावर तुटून पडला. इतक्या वर्षांत त्याने मला रागाने कधी मारले नव्हते. माझी चिकटपट्टी फाटली, दोन चिंध्या बाहेर आल्या. शेवटी तो थांबला आणि वस्तादांकडे न बघताच म्हणाला, "वस्ताद, मी तुमचा की तो?"

"दोघंही."

"असं कसं चालेल?"

वस्ताद त्याच्याजवळ आले. त्यांनी लोणीच्या डाव्या गुडघ्यावर बोट ठेवले. फार दाबले नाही, नुसते ठेवले. लोणी दचकला. पाय वळवला की तो गुडघा दगा देई, हे वस्ताद आणि त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नव्हते.

"उद्या तू मोठा होशील. माझ्याकडे नवीन कुणी येईल, तुझ्याशी लढायला निघेल," वस्ताद म्हणाले. "तेव्हा हे मी त्याला सांगू?"

लोणीने गुडघा मागे घेतला.

"ऐरण माझ्याकडे दुखणं घेऊन आला होता, बाळा. तू पण आलास. ते काही माझं हत्यार नाही. मला जे शिकवता येतं, ते सगळं तुला शिकवीन. दोन हात जास्तच शिकवीन. आणि तुला वाटलं की मी अपुरा पडतो, तर दुसरा वस्ताद कर. मी रागावणार नाही."

लोणीने खाली पडलेल्या चिंध्या उचलल्या आणि माझ्या उसवलेल्या जागी परत खुपसल्या. मग त्याने हात पुढे केले. वस्तादांनी त्यावर नव्याने पट्ट्या बांधल्या.

लढतीच्या संध्याकाळी काकूंनी घरचा टीव्ही वर आणवला. सलूनवाले काका दुकान बंद करून आले, डॉक्टर आले. मामा आले, पण वस्तादांवरच्या रागाने दाराबाहेर जिन्यातच बसले. पडद्यावर एका कोपऱ्यात लोणी आणि त्याच्यामागे खांद्यावर टॉवेल टाकलेले वस्ताद. समोरच्या कोपऱ्यात ऐरण. कानशिलावर केस पिकलेले, पण उभे राहणे तेच.

पहिल्या फेऱ्या ऐरणच्याच. त्याच्या लांब हाताने लोणीला जवळ फिरकू दिले नाही. पाचव्या फेरीत तो उजवा ठोसा आला, ज्याने एकदा तुळईची धूळ पाडली होती, आणि लोणी आयुष्यात पहिल्यांदा गुडघ्यावर टेकला. "ऊठ रे!" असे ओरडले कोण, तर सलूनवाले काका! ऐरणचे भक्त! मग स्वतःच ओशाळून खाली बसले.

लोणी उठला. सहावी फेरी गेली, सातवी गेली. ऐरणच्या पायांतला जोर ओसरू लागला आणि लोणीचा डावा हात बोलू लागला. कानशिलावर, हनुवटीवर, खांद्यावर. शेवटच्या फेरीत दोघांनाही हात उचलवत नव्हते, पण मागे कुणीच सरकले नाही. घंटा झाली तेव्हा दोघे एकमेकांना धरूनच उभे होते. नाहीतर दोघेही पडले असते.

दोन पंचांनी ऐरणला कौल दिला, एकाने लोणीला. ऐरणने विजेतेपद राखले.

जिन्यातून मामांचा आवाज आला, "एका पंचाचा फरक! सांगितलं असतं तर..."

तेवढ्यात ऐरणपुढे माइक आला. तो धापा टाकत बोलला. "ही माझी शेवटची लढत. आता लपवायचं काही कारण नाही. माझ्या उजव्या कुशीतली बरगडी वाकडी आहे. जगात ते ज्यांना माहीत आहे, त्यांतला एक माणूस आज समोरच्या कोपऱ्यात उभा होता. पहिल्या घंटेपासून मी त्या ठोशाची वाट बघत होतो. या पोराच्या डाव्या हाताला ती जागा अगदी सोयीची होती. ओझरते बसले, पण नेम धरून एकही आला नाही. मी आज विजेता आहे, पण मी कुणाचा चेला आहे, ते आधी लिहा."

पडद्यावर वस्तादांनी टॉवेलने तोंड झाकले. शेजारी उभ्या लोणीने त्यांच्या खांद्यावर हात टाकला.

मामा दारात येऊन उभे होते. "आवाज वाढवा," ते म्हणाले. "परत दाखवतील. मला नीट ऐकायचंय." काकूंनी त्यांच्या हातात चहाचा कप दिला आणि त्यांनी तो मुकाट्याने घेतला.

मित्रांनो, पुढच्या महिन्यात ऐरण तालमीत आला. मला बघून म्हणाला, "अरेरे, म्हातारीची काय दशा केलीत!" त्याने आणि लोणीने मिळून मला खाली उतरवले. माझ्या पोटातल्या घट्ट झालेल्या चिंध्या उपसून काढल्या. काकूंनी चष्मा लावून नव्या भरल्या, आणि जाड दोऱ्याने माझी शिवण घातली. आता विजेतेपदाची जागा रिकामी आहे आणि लोणी तिच्यासाठी तयारी करतो आहे. शिकवायला वस्ताद आहेत आणि ऐरणही आहे. सलूनवाले काका, मामा आणि डॉक्टर यांचा वाद चालूच आहे. गुडघ्यावर टेकला नसता तर लोणी जिंकला असता की नाही, हा सध्याचा विषय.

तुमच्याकडे मी एवढेच मागते. तुमच्या घरात, शाळेत, मैदानात एखादी जुनी वस्तू कोपऱ्यात पडली असेल, तर तिच्यावर टॉवेल टाकण्याआधी ती कुणाच्या कामी आली ते विचारा. आणि थकलेले माणूस विश्वासाने तुमच्यावर टेकले, तर त्याची दुखरी जागा जपा. मी तर चामड्याची, मला बोलता येत नाही. वस्तादांना येत होते, तरी ते बोलले नाहीत. मला माझ्या चामड्याचा अभिमान आहे, पण वस्तादांचा त्याहून जास्त.

परवाचीच गोष्ट. ऐरण मला मागून खांदा लावून धरून उभा होता आणि लोणी समोरून मारत होता. उजवा ठोसा, पुन्हा उजवा, पुन्हा उजवाच. ऐरणने माझ्याआडून डोके बाहेर काढले.

"काय रे, डाव्या हाताला सुट्टी दिलीस काय?"

लोणी लाजला. "तुमची ती बाजू..."

"अरे, मध्ये म्हातारी आहे ना!" ऐरण म्हणाला. "मार बिनधास्त."

आणि लोणीने मारला. मी तो सगळाच्या सगळा माझ्यात घेतला. पलीकडे जराही जाऊ दिला नाही.