कापसाचा खांदा

"काका, पुढचं नाव सांगा. 'श' वर आलोय आपण," दामिनी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हणाली.

साहेबरावांनी थुंकी न लावता, कोरड्या बोटाने वहीचं पान उलटलं. वह्यांच्या बाबतीत ते सोवळं पाळायचे. लातूरच्या गोलाईतल्या, त्या गोल बाजारपेठेतल्या या दुकानात पुरुषांच्या कपड्यांचं कटिंग ते तेहतीस वर्षं करत होते आणि तेहतीस वर्षांतल्या गिऱ्हाइकांची मापं चार जाडजूड वह्यांमध्ये त्यांच्या बारीक अक्षरात बसली होती. जुने मालक रेवणप्पा गेले आणि मुलगा मल्लिनाथ गल्ल्यावर बसला, तेव्हा 'रेवणप्पा वस्त्रदालन' ही पाटी उतरून 'रेवा वेडिंग हाऊस' ही नवी पाटी चढली. आता मल्लिनाथचं नवं फर्मान निघालं होतं, सगळ्या वह्या कॉम्प्युटरमध्ये गेल्या पाहिजेत. टायपिंगचं काम दामिनीकडे आलं, कारण दुकानात तिच्याइतका भराभर हात कुणाचाच चालत नव्हता.

दामिनी नांदेडची. तिथल्या कॉलेजात फॅशन डिझायनिंग शिकून दोन वर्षांपूर्वी इथे लागलेली. खाली जेंट्स, वर लेडीज, अशी दुकानाची वाटणी होती. वर काच, लाइट, तीन बाजूंनी आरसे आणि जिन्याच्या तोंडाशी सोनेरी अक्षरात 'डिझायनर दामिनी'. खाली साहेबरावांचं सागवानी टेबल, कैच्या, खडू आणि भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो. साहेबरावांचं नाव कुठेच लिहिलेलं नव्हतं. 'मास्टर' म्हटलं की सगळ्यांना कळायचं आणि इतकी वर्षं त्यांनाही त्यात काही कमी वाटलं नव्हतं. पण ती सोनेरी अक्षरं लागल्यापासून जिन्याखालून जाताना त्यांची नजर वर जायचीच. माणूस आहे शेवटी.

वरच्या मजल्यावरचा कारभार त्यांना गमतीचा वाटायचा. बायका मापाचा ब्लाऊज घेऊन यायच्या आणि आपल्या अंगाची तक्रार खुशाल मोठ्याने सांगायच्या. दंड जाड दिसतात, बाही लांब कर. पाठ छान आहे, गळा मोठा ठेव. दामिनी हसत हसत कागदावर चित्र काढायची, बायका त्यावर वाद घालायच्या, शेवटी चहा व्हायचा. खाली असलं काही नाही. पुरुष गुपचूप येऊन टेबलासमोर उभा राहायचा, टेप पोटाशी आला की श्वास ओढून घ्यायचा आणि छताकडे बघायचा. त्याला काय लपवायचंय ते त्याने सांगायचं नसतं, मास्टरने ओळखायचं असतं. साहेबराव ओळखायचे, आणि ओळखलंय हे त्याला कळूही द्यायचे नाहीत.

रेवणप्पांनी त्यांना पहिल्यांदा या टेबलाशी उभं केलं, तेव्हा बाजारातल्या दोघाचौघांनी नाकं मुरडली होती. बौद्धनगरचा पोरगा आमच्या अंगाला टेप लावणार का, असा प्रश्न होता. रेवणप्पांनी स्वतःचा कोट त्यांच्याकडून शिवून घेतला आणि तो घालून बाजारभर हिंडले. पुढे तेच नाकं मुरडणारे आपली सुटलेली पोटं घेऊन साहेबरावांपुढे निमूट उभे राहिले. त्यातल्या एकाचंही काही त्यांच्या तोंडून कधी बाहेर गेलं नाही.

"श्रीशैल शांतवीर," साहेबरावांनी वाचलं. "छाती अडतीस. उंची एकोणतीस. बाही..."

"काका, एक विचारू?" दामिनीने मध्येच मान वर केली. "राग मानू नका. जेंट्समध्ये डिझाइन असं काय असतंय हो? कॉलर, खिसा, बटन. झालं. तुम्हाला कंटाळा कसा येत न्हाई?"

पोरीच्या मनात पाप नव्हतं. पण शब्द लागायचा तिथे लागला. साहेबरावांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हिकडं ये," ते म्हणाले. "ह्ये बघ. नावापुढं काय हाय?"

"चंद्रकोर काढलीय. मला वाटलं, तुमची सही असंल."

"सही न्हाई. ज्याच्या नावापुढं टिंब, त्याची पाठ वाकलेली. फुली आसंल तर एक पाय आखूड. आन् चंद्रकोर म्हंजी खांदा उतरलेला." साहेबरावांना स्वतःचाच आवाज नवा वाटत होता, पण तो थांबेना. "ह्या लेकराचा डावा खांदा एक इंच खाली हाय. नऊ वर्सांचा आसताना दालमिलमधी पोत्याच्या थप्पीवरून पडला, हाड वाकडं बसलं. दंडबी बारीक. तवापासून समदे शर्ट माझ्याकडं. खांद्याच्या दोन थरांमधी कापूस घालतो. धुण्यात सरकू न्हाई म्हनून आतून बारीक टाके. गळ्याकडं पातळ, बाहीकडं जाड. आज आहमदपूरला बँकेत काउंटरवर बसायलाय. कुनाला समजलंय का? इचार गोलाईत कुनालाबी."

दामिनीने त्या चंद्रकोरीवरून बोट फिरवलं. मग तिने मनापासून म्हटलं, "काका, खरे डिझायनर तर तुम्ही हाव."

तेहतीस वर्षांत हा शब्द त्यांच्या वाट्याला पहिल्यांदा आला. साहेबराव लाजले, पण आत कुठेतरी फुललेही. मग त्यांनी टिंबवाले सांगितले, फुलीवाले सांगितले, कुणाच्या पँटीत कुठे किती सोडलंय तेही सांगून टाकलं. दामिनीची बोटं चालतच होती.

"ह्ये कामून लिहायलीस?" मध्येच त्यांनी विचारलं.

"विशेष सूचना म्हणून रकाना हाय ना. उद्या तुम्ही सुट्टीवर गेलात तर दुसऱ्या कारागिराला कसं कळायचं?"

बरोबरच होतं तिचं. साहेबरावांच्या मनात काहीतरी टोचलं, पण कौतुकाची नशा मोठी होती. त्यांनी पुढचं नाव वाचलं.

महिन्याभराने त्याच श्रीशैलचं लग्न ठरलं. मुलगी सुकन्या, कंधारची. दोन्हीकडची मंडळी बस्ता बांधायला रेवामध्येच आली. मल्लिनाथने तेव्हा 'जोडी सेट' नावाचा प्रकार काढला होता, नवरीचा घागरा आणि नवरदेवाची शेरवानी एकाच रंगाची, एकाच कशिद्याची. घागरा दामिनीचा, शेरवानी साहेबरावांची. दोघांनी पंधरा दिवस एकमेकांच्या मजल्यावर इतक्या फेऱ्या मारल्या की मल्लिनाथ म्हणाला, "मास्टर, तुमच्यासाठी लिफ्ट बसवावी लागंल."

श्रीशैल ट्रायलला आला तेव्हा आरशासमोर उभा राहिला. दोन्ही खांदे एका रेषेत. त्याची आई शांतम्मा बाकावर बसली होती. वीस वर्षांपूर्वी ती अशीच याच बाकावर बसली होती. शाळेत पोरं एकखांद्या म्हणून चिडवतात, लेकराला कुणी हसू नये एवढं करा, असं तेव्हा तिने हात जोडून सांगितलं होतं. या वेळी ती नुसती बघत होती. साहेबरावांनी शेरवानीवरचा नसलेला धागा झटकला आणि म्हणाले, "झकास!"

आपल्याकडे नवरदेवाचा पोशाख मुलीकडचे करतात. तेव्हा जोडी सेटचा खोका गेला तो कंधारला. मल्लिनाथच्या नव्या मशीनमधून कॉम्प्युटरमधल्या नोंदींची चिठ्ठी आपोआप निघून प्रत्येक खोक्यावर चिकटत होती. नाव, रंग, माप, सगळं. खोका जाताना साहेबरावांनी ती पांढरी चिठ्ठी पाहिली. अक्षर बारीक होतं. बिल असेल, असं त्यांना वाटलं.

कंधारला खोका आल्यावर तो बघायला अख्खी गल्ली जमली. सुकन्याची आत्या शाळेत शिकवणारी, तिला वाचायची सवय. तिने चिठ्ठीही वाचली. डावा खांदा एक इंच खाली. कापूस भरणे. डावा दंड बारीक. तिने ती एकदा मनात वाचली आणि एकदा मोठ्याने.

चौथ्या दिवशी शांतम्मा एकटीच दुकानात आली. बाकावर बसली. पाणी दिलं ते घेतलं नाही.

"मास्टर, लगीन मोडलं," ती म्हणाली.

साहेबरावांनी हातातली कैची टेबलावर ठेवली.

"त्ये म्हनाले, खांद्याचं काय न्हाई. हात चालतोय, नोकरी हाय. पर सांगितलं कामून न्हाई, म्हनाले. आनखी काय काय झाकलंय, म्हनाले. आमी काय सांगावं, मास्टर? वीस वर्सं लेकराचा उतरलेला खांदा मीच बघितला न्हाई. मलाच इसरायला झालतं." तिने पदराने तोंड पुसलं. "चिठ्ठीत कसं आलं त्ये? दुकानातल्या पोरीनं लिवलं म्हनतेत मालक. तिला कुनी सांगितलं?"

मल्लिनाथने सकाळीच दामिनीला खाली बोलावून चांगलंच झापलं होतं. ती वर एका कोपऱ्यात रडून डोळे सुजवून बसली होती. साहेबरावांना आता फक्त गप्प बसायचं होतं, दोष पोरीवर गेलाच होता. गप्प बसण्यात तर त्यांची हयात गेली होती.

"म्या सांगितलं, अक्का," ते म्हणाले.

"तुमी?"

"हाव. म्याच."

"कामून, मास्टर?"

या कामूनला त्यांच्याकडे उत्तर होतं, पण ते देण्यासारखं नव्हतं. एका पोरीने मला डिझायनर म्हणावं म्हणून, असं कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांनी मान खाली घातली. शांतम्मा बाकावरून उठली. रागावली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. "तुमी माझ्याजवळसुदिक कदी त्याचं नाव काढलं न्हाई वो," एवढंच ती म्हणाली आणि चपला घालून गेली.

त्या दिवसापासून साहेबरावांचं कटिंग चुकायला लागलं. कापड तेच, खडू तोच, पण हात रेषेवर थांबायचा आणि पुढे जायला धजायचा नाही. त्यांनी मल्लिनाथला सांगून सगळ्या सूचना कॉम्प्युटरमधून काढायला लावल्या. दामिनीने समोर बसून एकेक पुसली. पुसून काय होणार होतं, ते दोघांनाही ठाऊक होतं.

पुढच्या रविवारी दुपारी श्रीशैल आला. हातात कापडी पिशवी होती. त्याने ती टेबलावर ठेवली.

"मास्टर, सात शर्ट हायत. कापूस काढून द्या."

"कामून रे बाबा?" साहेबराव उठून उभे राहिले. "जे केलं त्ये म्या केलं. मला बोल. दोन थोबाडीत मार. पर ह्ये नको."

"तुमाला काय बोलू? माय तर आजबी म्हनती, मास्टर वाईट मानूस न्हाई." श्रीशैल बाकावर बसला नाही. "बँकेत समद्यांना कळलंय. काउंटरवर आलेला मानूस आधी खांद्याकडं बघायलाय, मग पासबुक देयलाय. कापूस हाय का न्हाई, त्ये शोधत ऱ्हातेत. कंटाळा आलाय, मास्टर. काढा."

"चार दिसांनी इसरतील लोकं."

"त्ये इसरतील. मी?"

साहेबरावांनी आधी त्याच्या अंगावरचा शर्ट काढून मागितला. श्रीशैल बनियनवर उभा राहिला, मुद्दाम दरवाज्याकडे तोंड करून. साहेबरावांनी ब्लेडने टाके सोडवायला घेतले. टाके त्यांचेच होते. सुटणार नाहीत याची काळजी घेऊन घातलेले, म्हणून सुटायला वेळ लागत होता. आतला कापूस घामाने पिवळा पडून चपटा झाला होता. तो काढला, थर पुन्हा शिवले, इस्त्री फिरवली. वरून दामिनी जिन्यात आली, तिने श्रीशैलला पाहिलं आणि कठड्याला धरून तिथेच थांबली.

श्रीशैलने शर्ट घातला. आरशासमोर गेला.

"कसा दिसायलाय?"

तेहतीस वर्षं या प्रश्नाला साहेबरावांचं एकच उत्तर होतं, झकास. ते ओठावर आलं आणि तिथेच अडलं.

"डावा खांदा उतरलाय, बाबा," ते म्हणाले.

"किती?"

"एक इंच."

"हाव," श्रीशैल म्हणाला. त्याने कॉलरचं बटन लावलं, केसांवरून हात फिरवला. "बाकीचे सवडीनं करा. पुढच्या रविवारी नेतो."

तो पायऱ्या उतरून गोलाईत शिरला. बाजाराचा दिवस होता, ऑटो, हातगाड्या, बायकांची झुंबड. साहेबराव दारात येऊन उभे राहिले. इतकी वर्षं हा पोरगा इथून बाहेर पडला की दहा पावलांत चारचौघांत मिसळून जायचा, त्यांना कधी शोधूनही सापडला नव्हता. आज तो पार मशिदीच्या कोपऱ्यावर वळेपर्यंत पाठमोरा ओळखू येत होता.