चांदणीआधीची मोकळी जागा

“अक्का, झालं का? पेशंट टेबलावर आहे, डॉक्टर रिपोर्टसाठी खोळंबलेत!” सिस्टर दारातूनच ओरडली.

“डिस्क भरलीये गं, रिपोर्ट निघतच नाहीये. दोन मिनिटं दे.”

रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागातल्या अक्कांनी रिसीव्हर खांद्याने कानाशी दाबून धरला. पलीकडे मुख्य कार्यालयातला इंजिनिअर होता. सकाळपासून असे वीस फोन घेऊन वैतागलेला.

“लिहा. आरएम, स्पेस, लॉग, स्पेस, स्टार. एंटर मारा. जुन्या लॉग फाइली, म्हणजे यंत्राच्या रोजच्या नोंदी, पुसल्या जातील, जागा होईल.”

अक्कांनी लिहिलं, पण बोट काही एंटरवर जाईना.

त्या इथे टायपिस्ट म्हणून लागल्या होत्या. टाइपरायटर गेले, संगणकाचा काळा पडदा आला, तेव्हा सहा महिने त्या घरी जाऊन नवऱ्यापाशी रडायच्या. मग हट्टाला पेटून त्यांनी एक वही केली आणि एकेका हुकमाचा नि चिन्हाचा अर्थ आपल्या शब्दांत लिहून काढला. आरएम: पुसून टाक. स्पेस, म्हणजे मोकळी जागा: इथे एक नाव संपलं, पुढे दुसरं. प्रश्नचिन्ह: कुठलंही एक अक्षर. उभी दांडी: याचं उत्तर त्याच्या हातात दे. एक बाण: फाइलीत ओत, आधीचं पुसून. दोन बाण: ओत, पण आधीच्याच्या खाली. स्टारला त्या चांदणी म्हणत. तिच्यापुढे लाल शाईने लिहिलं होतं: असेल ते सगळं. जपून!

“चांदणीच्या आधी स्पेस नक्की आहे का हो?”

“अहो अक्का, बारा वर्षं हेच करतोय मी. मारा एंटर.”

“थांबा. आधी एको लावून बघते.”

एको काही पुसत नाही. चांदणीच्या तावडीत कोण कोण येतंय, ते नुसतं दाखवतो. अक्कांनी आरएम खोडून तिथे एको लिहिलं आणि एंटर दाबलं. पडदा भरभर वर सरकू लागला. सुरुवातीला एकटा ‘लॉग’ शब्द, आणि त्याच्यामागे त्या फोल्डरमधला झाडून सगळ्या पेशंटांचा एकूण एक रिपोर्ट. त्यांची दुसरी प्रत ठेवणारं यंत्र आठवडाभर दुरुस्तीला गेलेलं.

“यात सगळे पेशंट येतायत,” अक्का हळूच म्हणाल्या. “लॉग बाजूला पडला, चांदणी मोकाट सुटली.”

“स्पेस काढा,” इंजिनिअर म्हणाला. “आणि... परत एको लावाल? मला वाचून दाखवा.”

एक्केचाळीस नावं आली. सगळी लॉगनेच सुरू होणारी. अक्कांनी ती एकेक करून वाचली, मगच एकोच्या जागी आरएम लिहून एंटर दाबलं. रिपोर्ट छापून निघाला तसा सिस्टरने हिसकावून घेतला आणि ती पळाली.

ती गेली आणि विभागाचे साहेब आत आले. “एका रिपोर्टला दहा मिनिटं? कोणाची चूक ही?”

फोन अजून चालूच होता.

“माझीच, साहेब. बोटं जरा अडखळली.”

“जमत नसेल तर सांगत चला!” साहेब पुटपुटत निघून गेले.

“अक्का,” फोनमधून आवाज आला, “तुम्ही असं कशाला...”

“जेवलात का?”

“नाही अजून.”

“मग आधी जेवून घ्या. आणि सावकाश जेवा.”

त्यांनी रिसीव्हर जागेवर ठेवला. मग वही उघडली आणि चांदणीपुढे लाल शाईने आणखी एक ओळ लिहिली: आधी मोकळी जागा नको.