सुशांतची राजधानी

चेतनाच्या घरी कॉम्प्युटर आला तो पोरीच्या अभ्यासासाठी, असं तिच्या आईला, शकुताईंना, कितीतरी वर्षं वाटत होतं. बिचारी माउली! त्या कॉम्प्युटरवर अभ्यास झाला असेल तर तो फक्त एकमेकांची राज्यं कशी बुडवायची याचा.

साल दोन हजार चार, घाटकोपरची भटवाडी. खेळणारे तिघं, तिघंही कॉलेजात. चेतना, तिच्या वरच्या मजल्यावरचा सुशांत आणि समोरच्या बिल्डिंगमधला अनिरुद्ध. खेळ राज्यांचा. शहरं वसवा, सैन्य उभं करा, तह करा, मोडा. कॉम्प्युटर एकच, म्हणून पाळी पाळीने चाल. एकाची चाल चालू असताना बाकीच्या दोघांनी मुकाट उठून गॅलरीत जायचं, कारण स्क्रीनवर त्याचं सगळं राज्य उघडं पडलेलं असे. शिवाय प्रत्येकाचा पासवर्ड. तो टाकल्याशिवाय त्याची चाल उघडायचीच नाही.

आणि खरा खेळ व्हायचा तो त्या गॅलरीत. कठड्याला टेकून दोघं जण तिसऱ्याच्या मुळावर उठायचे. शकुताई चहा घेऊन आल्या की विचारायच्या, काय रे कुजबुजताय, माझ्या पोरीला स्थळ बघताय की काय. ते दिवस आठवले की चेतनाला अजून हसू येतं.

पण तह व्हायचा तो नेहमी त्या दोघांचाच. सुशांत आणि अनिरुद्ध म्हणजे बालवाडीपासूनची जोडी, एकाला ठेच लागली तर दुसरा लंगडणार. चेतनाने कितीही डोकं चालवलं तरी शेवटी दोघं दोन बाजूंनी यायचे आणि तिची वाट लावायचे. सहा डाव ती सलग हरली. माणूस चिडणार नाही तर काय करणार?

मग आले गणपती. सुशांत कणकवलीकडचा, म्हणजे बारा दिवस गावी जाणं आलंच. डाव थांबवायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा त्याने आपला पासवर्ड अनिरुद्धला दिला, तू माझी पण चाल खेळ म्हणाला. राज्यच सोपवलं की! अनिरुद्धनेही ते सांभाळलं, अगदी शेजारणीची तुळस सांभाळावी तसं. पण कॉम्प्युटरसमोर शोकेस होतं, त्याच्या काचेत गॅलरीतूनही कीबोर्ड दिसायचा, आणि चेतनाला पासवर्ड दिसला. तिने मुद्दाम पाहिलं नाही, असं ती स्वतःला बरीच वर्षं सांगत राहिली. खोटं. मुद्दामच पाहिलं.

सुशांत परतायच्या आदल्या दुपारी घरात कुणी नव्हतं आणि पाळी सुशांतची होती. चेतनाने त्याचा पासवर्ड टाकला आणि त्याची राजधानी अनिरुद्धला भेट देऊन टाकली. खेळात तशी सोय होती. बस, एवढंच. दोघांमध्ये जरा काडी टाकायची, गंमत बघायची, पोट धरून हसायचं आणि मग सांगून टाकायचं, असा तिचा बेत. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ.

दुसऱ्या दिवशी सुशांत बॅगही न ठेवता आला, हातात शकुताईंसाठी खाजं. डाव उघडला तर राजधानीवर अनिरुद्धचा झेंडा. अनिरुद्धही आला, पाहून चक्रावला, मी हे केलेलं नाही म्हणाला. सुशांत शांतपणे एवढंच म्हणाला,

"माझा पासवर्ड तुझ्याशिवाय कुणाला माहीत होता?"

आता बोल ना बाई! पण चेतनाने मूग गिळले. सुशांतचा चेहरा इतका उतरला होता की ती घाबरली. मग दोघांचा आवाज चढला. खेळातून बोलणं घरापर्यंत गेलं, कुणी कुणाच्या घरी किती वेळा जेवलं ते निघालं, आणि असं एकदा निघालं की परत आत जात नाही. अनिरुद्ध जिना उतरून गेला. उद्या सांगू, असं चेतना मनाशी म्हणाली. तो उद्या एकवीस वर्षं आला नाही.

तिघांची लग्नं झाली. सुशांत बोरिवलीला, अनिरुद्ध चेंबूरला, चेतना मुलुंडला. दोघंही तिच्या संपर्कात, एकमेकांचं मात्र नाव काढत नसत. मागच्या जानेवारीत तिच्या मनाने घेतलं की आता पुरे. तसाच राज्यांचा खेळ आता फोनवर होता, दिवसाला एक चाल. तिने दोघांना वेगवेगळं बोलावलं, टोपणनावं घ्यायला लावली आणि तिसरा माझ्या ऑफिसातला आहे अशी दोघांनाही थाप मारली.

आणि काय सांगावं! महिन्याभरात त्या दोघांनी तह केला. एकमेकांना न ओळखता! पुढच्या महिन्यात दोन बाजूंनी तिच्यावर चालून आले, उत्तरेकडून घोडदळ, समुद्रातून गलबतं, तीच जुनी पद्धत. चेतना शहरामागून शहर हरत होती आणि फोनकडे बघून खुळ्यासारखी हसत होती. भटवाडीची ती गॅलरी, ते कठड्याला टेकलेले दोन शर्ट, सगळं तिला दिसत होतं. इतकं सुखाने कधी कुणी हरलं नसेल.

मग सुशांतचा फोन आला. तुझ्या ऑफिसातला गडी झकास आहे, भेटव एकदा. दोन दिवसांनी अनिरुद्धनेही तेच म्हटलं. आता पळवाट नव्हती. खरं सांगितलं तर दोघंही जातील, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या आयुष्यात जुने म्हणावेत असे मित्र होते तरी किती? हेच दोन. तरी तिने रविवारी सकाळी अकराला घाटकोपरच्या उडप्याकडे दोघांना बोलावलं.

समोरासमोर आल्यावर दोघंही उभेच राहिले. बसा म्हणायचा धीर तिला होईना. तिने उभ्या उभ्याच सांगितलं,

"राजधानी मी दिली होती. काचेत पासवर्ड बघितला होता मी. अनिरुद्धने काही केलं नव्हतं."

अनिरुद्ध बोलला, पण तिच्याशी नाही, सुशांतशी.

"तुझे बाबा गेले तेव्हा मी आलो होतो रे. बिल्डिंगखाली उभा राहिलो आणि परत गेलो. वर येऊ की नको, कळेना."

सुशांतचे डोळे भरून आले. त्याने अनिरुद्धच्या खांद्यावर हात टाकला आणि दोघं हॉटेलातून बाहेर पडले. चेतनाकडे वळूनही पाहिलं नाही. तिने तीन कॉफी सांगितल्या होत्या, त्या आल्या. एक तिने प्यायली. रडू येत होतं, पण वाईट वाटतंय की बरं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. मुलुंडला पोचेपर्यंत तिने मनाशी ठरवून टाकलं की डाव संपला, दोघंही आता खेळातून निघून जातील आणि ते योग्यच होईल.

सोमवारी सकाळी भाजी फोडणीला टाकता टाकता फोन वाजला. दोघांनीही चाल खेळली होती. तिची राजधानी पडली होती. धान्याची कोठारं गेली, बंदरं गेली, घोडदळ गेलं, एका चालीत पार धुव्वा. फक्त दक्षिणेकडचं एक बेट उरलं होतं, एका शहराचं, ज्याला एक होडी पाठवली असती तरी ते पडलं असतं. दोघांची गलबतं चारी बाजूंनी उभी होती आणि कुणी किनाऱ्याला पाय लावला नव्हता.

खाली सुशांतचा निरोप होता.

"चेते, तुझी चाल. उगाच दया समजू नकोस, उद्या तेही घेणार आहोत."

भाजी करपली. चेतना ओट्याला टेकून हमसून हमसून रडली, आणि मग नाक पुसत आपली चाल खेळायला बसली.